अपडेटनंतर संगणक अडला? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट कंपनी आपल्या विंडोज प्रणालीच्या दुरुस्त्या जगभर पाठवते. २००३ सालापासून हा नेम चालू आहे. अमेरिकेत मंगळवारची सकाळ असते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-अकरा वाजलेले असतात. म्हणजे आपल्या अभ्यासिकेतला, संस्थेच्या कार्यालयातला किंवा घरात मुलांनी वापरायचा संगणक ही दुरुस्ती उचलतो तो बहुधा बुधवारी किंवा गुरुवारी. आणि मग ते ठरलेले वाक्य कानी पडते: "काल तर चांगला चालू होता!"

संगणक सुरू होतो, पण छपाई होत नाही. मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसतात. पडद्यावरच्या साऱ्या फाइली नाहीशा झालेल्या असतात. कधी निळा पडदा येऊन यंत्र तिथेच थबकते. घरातले घाबरतात, शेजारचा जाणता मुलगा येऊन दोन बटणे दाबतो आणि मान हलवून म्हणतो, "काका, फॉरमॅट मारावा लागेल."

वाचकहो, या एका वाक्याविरुद्ध हा लेख आहे. फॉरमॅट मारणे म्हणजे संगणकाच्या आतली पाटी पुसून नवी प्रणाली टाकणे. यंत्र चालू होते हे खरे, पण पाटीवर जे होते ते जाते. आपल्या माणसांच्या संगणकात काय असते? जातीच्या दाखल्याची, जात वैधता प्रमाणपत्राची, गुणपत्रिकांची स्कॅन केलेली प्रत असते. मंडळाची इतिवृत्ते, सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब असतो. कोणी आजोबांनी सांगितलेल्या आठवणी टंकून ठेवलेल्या असतात, त्यांची दुसरी प्रत कुठेही नसते. प्रणाली पुन्हा मिळते, हे कागद पुन्हा मिळत नाहीत. आणि गेल्या काही वर्षांत अपडेटमुळे जे मोठे गोंधळ झाले ते तपासून पाहिले, तर बहुतेक वेळा बिघाड प्रणालीत होता, आतले कागद शाबूत होते, असेच दिसते.

मी संगणकाचा अभियंता नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कार्यालयात कारकुनी करणारा माणूस आहे. पण आलेला कागद आधी नोंदवायचा आणि मगच हलवायचा ही कारकुनाची सवय या कामात फार उपयोगी पडते.

अपडेट बंदच करून टाकावे काय?

असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांना २०१७ सालची हकीकत सांगावी. त्या वर्षी मार्च महिन्यात मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक भगदाड बुजवणारी दुरुस्ती पाठवली होती. ज्यांनी ती बसवली नाही, त्यांच्या संगणकांवर १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हा हल्ला आला. फाइली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी खंडणी मागायची, असा तो प्रकार. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती दोन महिने आधीच येऊन पडली होती! तेव्हा अपडेट कायमचे बंद करणे हा उपाय नव्हे. ते सोयीच्या वेळी घेणे आणि घेतल्यावर काही अडले तर ते सोडवता येणे, एवढे आपल्या हातात आहे.

पहिला अर्धा तास

पडद्यावर टक्केवारी चालू असेल आणि ती तीस टक्क्यांवर अडली असेल, तर यंत्र बंद करू नका. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असलेल्या संगणकावर हे काम तास-दोन तास चालू शकते. पेटीवरचा छोटा दिवा लुकलुकत आहे तोवर आत काम चालू आहे असे समजावे. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवावा. मध्येच वीज गेली तरी हातपाय गाळू नयेत. बहुतेक वेळा विंडोज पुन्हा सुरू होताना अर्धवट राहिलेले काम स्वतःच मागे घेते, तेव्हा 'अनडूइंग चेंजेस' अशी ओळ येते. तिलाही वेळ द्यावा.

संगणक सुरू झाला पण गोगलगायीसारखा चालतो, अशी तक्रार असेल तर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबा. अपडेटनंतर विंडोज सगळ्या फाइलींची यादी पुन्हा तयार करते, राहिलेल्या दुरुस्त्या पुऱ्या करते. दुसऱ्या दिवशी चाल पूर्ववत होते. सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरला असेल तर मात्र होत नाही, तिथे जागा करावी लागते.

आता एक गोष्ट, जी माहीत नसल्यामुळे लोक दिवसचे दिवस घालवतात. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद होणे राहिलेले नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून प्रणाली आपला गाभा तसाच जपून ठेवते, त्यामुळे अडलेली गोष्ट बंद-चालू करूनही तशीच अडलेली राहते. खरी नवी सुरुवात 'रीस्टार्ट' केल्यावर होते. म्हणून काहीही करण्याआधी एकदा रीस्टार्ट. निम्मी दुखणी इथेच जातात असे माझे मत आहे.

मग वही घ्या. तारीख, वेळ, काय चालत नाही आणि पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा लिहा, नाहीतर मोबाइलने त्याचा फोटो काढा. 'एरर आला' एवढ्याने कोणालाच काही कळत नाही. त्यातला आकडा महत्त्वाचा. नंतर 'सेटिंग्ज'मध्ये 'विंडोज अपडेट' आणि त्यात 'अपडेट हिस्टरी' उघडा. कोणत्या तारखेला कोणती दुरुस्ती बसली, हे तिथे क्रमांकासह लिहिलेले असते. क्रमांक 'केबी' या अक्षरांनी सुरू होतो. तोही वहीत उतरवा. आपला संगणक बिघडला ती तारीख आणि दुरुस्तीची तारीख जुळत नसेल, तर दोष दुसरीकडे शोधावा लागेल. पुष्कळदा बिचाऱ्या अपडेटवर उंदराने कुरतडलेल्या वायरीचा आळ येतो.

काही किरकोळ दुखणी इथेच सांगून टाकतो. पडदा काळा आहे आणि फक्त बाण दिसतो, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा, चित्र दाखवणारी यंत्रणा नव्याने सुरू होते. आवाज किंवा वायफाय गेले असेल तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्या उपकरणाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे का पाहा. नव्या चालकाऐवजी जुना परत येतो. वायफायच नाही, मग नवा चालक इंटरनेटवरून आणायचा कसा? मोबाइल यूएसबी केबलने जोडा आणि मोबाइलमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. आणि जुन्या संगणकावर एकही संकेतस्थळ उघडत नसेल, सुरक्षेचा इशारा येत असेल, तर आधी कोपऱ्यातली तारीख पाहा. ती मागच्या कुठल्यातरी सालाची असेल तर आतला नाण्याएवढा सेल संपलेला आहे. तो बदलला की काम झाले.

फाइली गेल्या कुठे?

हा सर्वांत जीवघेणा प्रसंग. संगणक सुरू होतो, पण पडदा नव्याकोऱ्या यंत्रासारखा दिसतो. आपले चित्र नाही, आपल्या फाइली नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये विंडोज १० साठी आलेल्या केबी ४५३२६९३ या दुरुस्तीनंतर अनेकांचे असेच झाले. प्रत्यक्षात काय घडले होते? संगणकाने त्यांचे खाते उघडण्याऐवजी एक तात्पुरते खाते उघडले होते. त्यांचा खरा फोल्डर थोड्या बदललेल्या नावाने तिथेच, दोन पावलांवर पडून होता. ज्यांनी धीर धरून रीस्टार्ट केले किंवा ती दुरुस्ती काढून टाकली, त्यांना आपले सारे परत दिसले. ज्यांनी घाईने फॉरमॅट मारला असेल, त्यांनी आपल्या हाताने भरलेले कपाट रिकामे केले.

म्हणून आधी शोधा. सी ड्राइव्ह उघडून 'यूजर्स' या फोल्डरात जा. तिथे आपल्या नावाशी मिळतेजुळते आणखी एखादे नाव आहे का, ते पाहा. शेजारी 'वनड्राइव्ह' नावाचा फोल्डर असेल तर तोही उघडा. नव्या विंडोजमध्ये 'डेस्कटॉप' आणि 'डॉक्युमेंट्स' हे दोन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या पोटात सरकवले जातात आणि माणसाला वाटते सगळे गेले. प्रणालीची पूर्ण आवृत्तीच बदलली असेल तर सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज ओल्ड' नावाचा फोल्डर तयार होतो. त्यात जुन्या प्रणालीचे सामान असते. पण दहा दिवसांनी विंडोज तो स्वतः काढून टाकते, तेव्हा तिथे उशीर करून चालत नाही.

खरोखरच फाइली गेल्या असेही एकदा झाले आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीने काही लोकांचे 'डॉक्युमेंट्स' आणि 'पिक्चर्स' सरळ पुसून टाकले. ज्यांनी हे फोल्डर मूळ जागेवरून दुसरीकडे हलवलेले होते, त्यांना तो फटका बसला. मायक्रोसॉफ्टने दहा हजारांत एक एवढेच प्रमाण सांगितले, पण आवृत्ती तातडीने थांबवावी लागली आणि १३ नोव्हेंबर २०१८ रोजी सुधारून पुन्हा काढावी लागली. त्या एकाच्या घरी काय झाले असेल, याचा हिशेब टक्केवारीत होत नाही. असा प्रसंग आला तर तो संगणक वापरणे ताबडतोब थांबवावे. पुसलेली फाइल लगेच नष्ट होत नाही, तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले की मग होते. जितके कमी वापराल तितकी ती परत मिळण्याची आशा जास्त.

मराठी अक्षरांचे काय झाले?

हा भाग इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

नवी प्रणाली टाकल्यावर मराठी मजकूर बिघडण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत, आणि त्यांत गल्लत केली की उपाय चुकतो. पहिल्या प्रकारात मजकुराच्या जागी विचित्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे आपली पत्रके, स्मरणिका, निवेदने श्री-लिपी, शिवाजी, किंवा पुण्याच्या सीडॅकच्या सुरेख, योगेश अशा टंकांत होत असत. या टंकांची युक्ती अशी की संगणकाच्या आत अक्षर इंग्रजीचेच साठवले जाई, त्यावर मराठी आकार चढवलेला असे. नव्या प्रणालीत तो टंक नसेल तर चढवलेला आकार गळून पडतो आणि आतले इंग्रजी उघडे पडते. मजकूर कुठेही गेलेला नाही! तो टंक पुन्हा बसवा, पान पूर्ववत दिसेल. म्हणून संगणक कोणाच्याही हाती देण्यापूर्वी सी ड्राइव्हच्या 'विंडोज' फोल्डरातील 'फॉन्ट्स'मधून आपले जुने मराठी टंक पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. कुठल्या संस्थेची वीस-पंचवीस वर्षांची इतिवृत्ते अशा टंकात असतील, तर ती युनिकोडमध्ये बदलून घेण्याचे काम या वर्षीच अंगावर घ्या. रूपांतर करून देणारे कार्यक्रम मिळतात. जोडाक्षरे आणि रफार मात्र डोळ्यांखालून घालावे लागतात, तिथे यंत्र अडखळते.

दुसऱ्या प्रकारात मजकूर युनिकोडमध्येच असतो, पण काही कार्यक्रमांत चौकोन दिसतात, किंवा अक्षरे दिसतात पण ओळी सरकतात आणि बारा पानांचा अहवाल तेरा पानांचा होतो. याचे कारण असे की विंडोज १० पासून देवनागरीसाठी 'निर्मला' हा टंक मुख्य झाला आणि मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे जुने टंक जादा सोयींच्या यादीत गेले. 'सेटिंग्ज'मध्ये वरच्या शोधचौकटीत 'ऑप्शनल फीचर्स' शोधा, तिथे देवनागरीचे पुरवणी टंक घेण्याची सोय आहे. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

टंकलेखनाचा कळफलक नाहीसा झाला असेल तर विंडोज आणि स्पेस या कळा दाबून पाहा. मराठी दिसली नाही, तर भाषेच्या सेटिंगमध्ये ती पुन्हा जोडा. इनस्क्रिप्ट पूर्वीपासून आहेच. २०१९ पासून इंग्रजी उच्चाराप्रमाणे टंकता येणारा मराठी फोनेटिक कळफलकही विंडोजमध्ये मिळतो. ज्यांची बोटे रेमिंग्टनवर बसली आहेत, त्या आमच्या पिढीच्या टंकलेखकांसाठी मात्र वेगळा कार्यक्रम लागतो आणि प्रणाली बदलल्यावर तो पुन्हा बसवावा लागतो. विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे, त्यामुळे १६ बिटच्या काळातले फार जुने कार्यक्रम तिच्यावर चालणार नाहीत. अशा कार्यक्रमात आपले काही अडकलेले असेल तर प्रणाली बदलण्याआधीच ते बाहेर काढा.

छापखाना बंद

प्रिंटरचे दुखणे कार्यालयांत जास्त. २०२१ च्या जुलै महिन्यात विंडोजच्या छपाई यंत्रणेत मोठे भगदाड आढळले, त्याला 'प्रिंटनाइटमेअर' असे नाव पडले. ते बुजवण्यासाठी लागोपाठ दुरुस्त्या आल्या. ऑगस्टच्या दुरुस्तीनंतर नेटवर्कवरच्या प्रिंटरचा चालक बसवायला प्रशासकाचा पासवर्ड मागितला जाऊ लागला. सप्टेंबरच्या दुरुस्तीनंतर एका संगणकाला जोडलेला प्रिंटर इतरांनी वापरायचा म्हटले की शेवटी '११बी' असलेला आकडा येऊ लागला. अनेक कार्यालयांत एका खोलीत चार संगणक आणि एकच प्रिंटर, अशी स्थिती असते. तिथे लोक रांगा लावून पेन ड्राइव्हवरून कागद काढत होते.

त्या वेळी सर्रास दिला जाणारा सल्ला होता तो दुरुस्ती काढून टाकण्याचा. छपाई सुरू होत असे, पण भगदाडही पुन्हा उघडे पडत असे. योग्य मार्ग थोडा कष्टाचा आहे: ज्या संगणकाला प्रिंटर जोडला आहे तो आणि बाकीचे सगळे, यांच्यावर सारख्याच ताज्या दुरुस्त्या असाव्यात आणि प्रत्येकावर प्रिंटरच्या कंपनीचा नवा चालक प्रशासकाच्या खात्यातून बसवावा. एक संगणक पुढे आणि तीन मागे राहिले, तर ते एकमेकांना ओळख देत नाहीत. घरच्या एका संगणकाला थेट जोडलेला प्रिंटर अडला असेल, तर तो यादीतून काढून पुन्हा जोडणे एवढ्याने बहुधा भागते.

सुरूच होत नाही तेव्हा

निळा पडदा येतो, यंत्र पुन्हा सुरू होते, पुन्हा निळा पडदा. अशा वेळी विंडोजच्या आत दडलेली दुरुस्तीची खोली उघडावी लागते. संगणक सुरू होऊ लागताच पेटीवरचे बटण दहा सेकंद दाबून तो बंद करा. असे दोन-तीनदा केले की पुढच्या वेळी विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' घ्या. तिथे 'ट्रबलशूट'च्या पोटात 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. महिन्याची दुरुस्ती काढायची असेल तर 'क्वालिटी अपडेट', पूर्ण आवृत्ती बदलली असेल तर 'फीचर अपडेट'. यात आपल्या फाइलींना धक्का लागत नाही. आवृत्ती बदलल्यापासून दहा दिवसांच्या आत मागे जाता येते, ही मुदत लक्षात ठेवावी.

त्याच ठिकाणाहून 'सेफ मोड'मध्येही शिरता येते. त्यात संगणक अत्यावश्यक तेवढेच सामान घेऊन सुरू होतो. १९ जुलै २०२४ रोजी काय झाले ते आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलीमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एका दिवसात आडवे झाले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. (कारकुनी अजून संपलेली नाही, हे त्या दिवशी दिसले!) ती विंडोजची दुरुस्ती नव्हती, पण उपाय हाच होता: सेफ मोडमध्ये जायचे, ती एक फाइल काढायची, रीस्टार्ट करायचे. ८५ लाख संगणक फॉरमॅट कोणी केले नाहीत.

दुरुस्तीच्या पडद्याऐवजी ४८ आकडी किल्ली मागणारा निळा पडदा येतो, तेव्हा लोक व्हायरस आला म्हणून घाबरतात. तो व्हायरस नव्हे. नव्या लॅपटॉपवर 'बिटलॉकर' नावाचे कुलूप असते, चोरी झाली तर आतले कोणी वाचू नये म्हणून. जुलै २०२४ च्या दुरुस्तीनंतर पुष्कळ संगणकांवर हा पडदा विनाकारण येऊ लागला आणि ऑगस्टच्या दुरुस्तीने तो दोष काढला. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप प्रथम सुरू केला, त्या खात्यात मोबाइलवरून शिरले की उपकरणांच्या यादीत ती किल्ली सापडते. पण आपल्याकडे लॅपटॉप दुकानदाराने स्वतःचे खाते घालून सुरू करून दिलेला असतो, किंवा पुतण्याच्या ईमेलवर सुरू झालेला असतो आणि पुतण्या पुण्याला असतो. किल्ली नसेल तर आतले कागद कोणालाच, अगदी कंपनीलाही काढता येत नाहीत. म्हणून संगणक चांगला चालू आहे तेव्हाच ती किल्ली कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

कधी कधी चूक आपल्या यंत्रात नसतेच. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० ची एक दुरुस्ती असंख्य संगणकांवर बसेचना, शेवटी '०६४३' असलेला आकडा यायचा. कारण दुरुस्तीच्या खोलीसाठी राखलेल्या भागात २५० एमबी मोकळी जागा नव्हती. संगणक बाकी ठीक चालत होता. अशा वेळी आकडा वहीत लिहावा आणि आपल्या कामाला लागावे.

विंडोज चालू होते पण खिळखिळी झाली आहे, असे असेल तर विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'रिकव्हरी' या वाटेने 'विंडोज अपडेट वापरून दोष दुरुस्त करा' अशा अर्थाचा पर्याय दिला आहे. तो प्रणाली नव्याने बसवतो आणि फाइली, कार्यक्रम, रचना जशीच्या तशी ठेवतो. दुकानात जाण्याआधी हे करून पाहावे.

दुकानात देताना

दुकानदार वाईट असतात असे नाही. त्याला दिवसात दहा यंत्रे मोकळी करायची असतात आणि फॉरमॅट हा सर्वांत जलद मार्ग आहे. म्हणून तोंडी सांगू नका. पावतीवर लिहून घ्या: "आधी संपूर्ण डेटा बाहेर काढून मालकास दाखवावा, मालकाने होकार दिल्यावरच फॉरमॅट करावा." विंडोज सुरू होत नसली तरी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की फाइली उतरवता येतात, हे त्याला माहीत असते, फक्त त्यासाठी वेळ लागतो. त्या वेळेचे पैसे द्यावे लागले तर द्या. परवान्याशिवायची विंडोज टाकून तिचे अपडेट बंद करून देणाऱ्यांपासून सावध राहा, तो स्वस्त सौदा पुढे फार महाग पडतो.

"मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या संगणकात दोष आहे" असा फोन आला, तर तो ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट कोणालाही आपणहून असा फोन करत नाही. फोनवरच्या माणसाला संगणकाचा ताबा देऊन पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवा.

आता विंडोज १० विषयी. तिचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली गेली. संगणक त्यानंतरही सुरू होतो, पण भगदाडे बुजवली जात नाहीत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. आपल्या अभ्यासिकांना कार्यालयांतून देणगी मिळालेले संगणक बहुधा त्याआधीचे असतात. त्यांवर ओढूनताणून विंडोज ११ बसवण्याऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू या विनामूल्य प्रणाली टाकाव्यात, मराठी तिथे उत्तम चालते आणि अर्ज भरण्यासाठी लागणारे ब्राउझरही मिळतात. त्यासाठी मात्र खरोखरच फॉरमॅट करावा लागतो. फाइली आधी दोन ठिकाणी उतरवून मगच.

शेवटी अर्जांच्या दिवसांविषयी. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती असो की स्वाधारचा अर्ज, शेवटच्या आठवड्यात अभ्यासिकेतला संगणक अपडेट घेत बसला तर ज्याचा अर्ज राहील त्याचे वर्ष अडते. मुदत जवळ आली की 'विंडोज अपडेट'मध्ये 'पॉज' घ्यावे, पाच आठवड्यांपर्यंत ते थांबवता येते. अर्जांची गर्दी ओसरली की ते पुन्हा चालू करावे आणि त्याच दिवशी कोणीतरी बसून अपडेट पुरे करून घ्यावे. तरीही ऐन वेळी यंत्र अडलेच, तर दुरुस्तीत दिवस घालवू नका. अर्धा भरून जतन केलेला अर्ज संकेतस्थळावरच असतो, तो दुसऱ्या कोणत्याही संगणकावरून किंवा मोबाइलवरून पुढे भरता येतो. लागतात ते स्कॅन केलेले दाखले, पासवर्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल. प्रत्येक मुलामुलीचे दाखले एका पेन ड्राइव्हवर, नावाच्या फोल्डरात, कार्यालयाच्या कपाटात असावेत, आणि त्याची दुसरी प्रत ज्याची त्याच्या घरी.